पंधरा गुणिले पंधरा

१८९६ साली लोणावळ्याच्या रानात ख्रिस्ती मंडळींचं शिबिर भरलं होतं. पुण्याच्या शारदा सदनातून, बालविधवांसाठी काढलेल्या आपल्या शाळेतून, पंडिता रमाबाई मुलींना घेऊन तिथं आल्या होत्या. त्यांपैकी पंधरा मुलींनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला होता. एका पहाटे रमाबाई एकट्याच झाडीत जाऊन बसल्या. समोर सूर्य उगवत होता. या पंधरा मुलींबद्दल देवाची उपकारस्तुती करता करता त्यांच्या मनात एक मागणी उभी राहिली. पुढच्या शिबिरापर्यंत या संख्येचा वर्ग व्हावा. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस.

क्षणभर त्या स्वतःच दचकल्या. सदनात तेव्हा इतक्या मुलीच नव्हत्या. जागा नव्हती. सदनाला मदत करणाऱ्या अमेरिकेतल्या असोसिएशनचा पैसा मोजून-मापून येत होता, आणि त्या मदतीची दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. अशा वेळी त्यांना यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातला एक प्रश्न आठवला. सगळ्या जिवांचा जो देव, त्याला अवघड असं काही आहे का, असा तो प्रश्न. रमाबाईंनी आकडा कमी केला नाही. तोच मागितला.

मराठी ख्रिस्ती इतिहासातल्या सर्वांत धाडसी प्रार्थनांमध्ये मी ही प्रार्थना धरते, आणि त्याचं कारण तो आकडा आहे. ‘प्रभो, आमच्या कामाला आशीर्वाद दे’ अशी प्रार्थना कधी फसत नाही. तिचं उत्तर आलं की नाही, हे कुणाला तपासताच येत नाही. दोनशे पंचवीस म्हटलं की वर्षभरानं मोजावं लागतं. मागणाऱ्याची श्रद्धा उघड्यावर येते. स्पष्ट मागण्यासाठी धैर्य लागतं ते यासाठी.

आपल्या मंडळ्यांमधून प्रार्थना खूप होते. रविवारची उपासना, उपवास प्रार्थना, घरोघरच्या प्रार्थनासभा, आजाऱ्याच्या उशाशी केलेली विनंती. पण पुष्कळदा ती सगळं जग एका वाक्यात गुंडाळून ‘आमेन’पाशी येते. पवित्र शास्त्रातली माणसं अशी प्रार्थना करत नाहीत. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तीमय घ्या. लोक त्याला गप्प बसवत होते, तसतसा तो मोठ्यानं ओरडत होता. येशू थांबला, त्यानं त्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, तुझ्यासाठी मी काय करू? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. समोरचा माणूस आंधळा आहे हे दिसत असताना येशूनं तो का विचारावा? बार्तीमय भिकारी होता. तो चार नाणी मागू शकला असता, आणि रोज तो तेच मागत होता. त्या दिवशी त्याला स्वतःच्या तोंडानं ठरवावं लागलं की आपल्याला नक्की काय हवं आहे. त्यानं दृष्टी मागितली.

नहेम्याची गोष्ट याहून सविस्तर आहे, आणि मला ती प्रार्थनेच्या कामाचा वस्तुपाठच वाटते. यरुशलेमचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही बातमी त्याला परक्या देशात, पर्शियाच्या राजाच्या चाकरीत असताना समजली. तो रडला, त्यानं उपास केला, आपल्या लोकांचं पाप स्वतःच्या नावावर घेऊन कबूल केलं. असे चार-एक महिने गेले. मग एक दिवस अर्तहशश्त राजानं त्याचा उतरलेला चेहरा पाहून विचारलं, तुला हवं काय? नहेम्यानं मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि लगेच बोलायला लागला. त्याची यादी तयार होती. किती दिवसांची रजा लागेल, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना कोणती पत्रं लागतील, राजाच्या वनाचा राखणदार आसाफ याच्याकडून वेशींसाठी किती ठिकाणी लाकूड लागेल. चार महिन्यांच्या प्रार्थनेत तो केवळ हुंदके देत नव्हता. तट त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहत होता. यरुशलेमला पोचल्यावरही त्यानं आधी कुणाला काही सांगितलं नाही. रात्री जनावरावर बसून पडझड स्वतः पाहून आला. त्यानंतर बावन्न दिवसांत तट पुरा झाला.

पहिल्या ख्रिस्ती मंडळीचं धैर्य आणखी वेगळं. पेत्र आणि योहान यांना अधिकाऱ्यांनी धमकावून सोडून दिलं. ते आपल्या लोकांत परत आले आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली. धमक्या थांबव, असं ते म्हणू शकले असते. त्यांनी मागितलं ते बोलण्याचं धैर्य. प्रेषितांच्या कृत्यांमधला हा प्रसंग वाचताना दरवेळी मी इथं थबकते, कारण संकटात माझ्या तोंडून तरी आधी सुटकेचीच विनंती निघते.

रमाबाईंना नेमकं मागण्याची ही दृष्टी आयती मिळाली नव्हती. १८५८ साली सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं, आणि आईनं ते रमाबाईंना दिलं. तीर्थाटन करत, पुराण सांगत हे कुटुंब देशभर फिरलं. मग मद्रास इलाख्यातल्या दुष्काळानं त्याला गाठलं. वडील, आई, थोरली बहीण, सगळी उपासमारीनं खचून गेली. सोळा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास मागे उरले. उपाशी पोटाला झाडपाला कसा लागतो, हे त्यांना ऐकून माहीत नव्हतं. पुढे केडगावला निराधार मुलींसाठी जे घर उभं राहिलं त्याची मुळं इथं आहेत असं मला वाटतं. दुष्काळात सापडलेल्या मुलीसाठी प्रार्थना करताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक चेहरा असे, आणि तो त्यांचाच होता.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत आहे. कोलकात्यात पंडिता ही पदवी, भावाचा मृत्यू, बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह, मनोरमेचा जन्म, आणि १८८२ साली पटकीनं पतीचं निधन. त्यानंतर पुणे, आर्य महिला समाज, आणि वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेनं इंग्लंड. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण राहून गेलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, आणि बालविधवांच्या शाळेसाठी अमेरिकेत मदत उभी करून १८८९ साली परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलं होतं. रमाबाई मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करत, पण खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून मोठं वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. पालकांचा राग समजण्यासारखा होता; विश्वासानं ठेवलेल्या मुली दुसऱ्या धर्माकडे वळतील, ही भीती खोटी नव्हती, आणि पुढे त्यांतल्या काही वळल्याही. तरी उघड्या दाराबद्दल मी रमाबाईंच्या बाजूची आहे. स्वतःच्या मुलीबरोबर प्रार्थना करायला दार लावून घ्यावं लागणं त्यांना मान्य नव्हतं. लपवून करायची ती श्रद्धा कसली, असा त्यांचा पिंड होता.

बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झाल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या श्रद्धेला एक नवं वळण लागलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटायचा राहिला होता, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहिलं. याच काळात त्यांच्या वाचनात तीन चरित्रं आली. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये गेलेले हडसन टेलर आणि न्यू हेब्रिडीज बेटांवरचे जॉन पेटन. तिघांनीही माणसांपुढे हात न पसरता देवाकडे मागून काम उभं केलं होतं.

म्यूलर यांच्याविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण प्रार्थनेचा हिशेब ठेवण्याची रीत ख्रिस्ती जगाला त्यांनी लावली. ते मूळचे प्रशियाचे, तरुणपणी चोऱ्या आणि उधळपट्टीपायी तुरुंगही पाहिलेले. ब्रिस्टल शहरात अनाथ मुलांचे हाल बघून १८३५ च्या डिसेंबरात त्यांनी देवाकडे ठरवून तीन गोष्टी मागितल्या. राहायला घर, एक हजार पौंड, आणि मुलांची देखभाल करायला योग्य माणसं. पैसे येत गेले ते शिलिंग-पेन्सच्या हिशेबानं, आणि म्यूलर प्रत्येक नोंद लिहीत गेले. हजार पौंड पुरे व्हायला दीड वर्ष लागलं. घर मिळालं, माणसं मिळाली. पण त्याआधीच, १८३६ च्या फेब्रुवारीत, मुलांचे अर्ज घ्यायचा दिवस उजाडला. म्यूलर दोन तास बसून राहिले. एकही अर्ज आला नाही. घरी परतताना त्यांच्या ध्यानात आलं की घर, पैसा, माणसं यांसाठी आपण तपशिलानं प्रार्थना केली, पण मुलंच मागितली नाहीत. ती येतीलच, असं गृहीत धरलं. त्या संध्याकाळी त्यांनी मुलं मागितली आणि दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला. त्यांच्या हयातीत दहा हजारांहून अधिक मुलं त्या घरांमधून वाढली.

हडसन टेलरची गोष्टही अशीच मोजून मागणाऱ्याची. चीनच्या अकरा प्रांतांत एकही प्रोटेस्टंट मिशनरी नाही, हे ओझं बाळगत १८६५ च्या जूनमध्ये तो ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरत होता. प्रत्येक प्रांतासाठी दोन आणि मंगोलियासाठी दोन, अशी चोवीस माणसं त्यानं देवाकडे मागितली आणि ती मागणी आपल्या बायबलच्या समासात लिहून टाकली. दोनच दिवसांनी त्यानं बँकेत दहा पौंड भरून मिशनच्या नावानं खातं उघडलं. प्रार्थनेनंतर बँकेत जाणं, यात मला मोठी श्रद्धा दिसते.

ही चरित्रं वाचून रमाबाईंना वाटलं, हिंदुस्थानात असं एखादं मिशन कुणी का काढत नाही? देव इंग्लंडात, चीनमध्ये मुलांना पोसतो. इथं पोसणार नाही? आणि मग त्यांच्याच अंतःकरणात उलटा सवाल उमटला: दुसऱ्यांनी करावं असं म्हणत बसण्यापेक्षा तूच का सुरू करत नाहीस?

तोवर त्यांनी केडगावजवळ जमीन घेतली होती. अमेरिकेची मदत थांबली तर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा हेतू. माळरान होतं. विहिरी खणल्या, झाडं लावली. म्हणजे लोणावळ्याच्या रानात दोनशे पंचवीस मुली मागणारी बाई आधीपासूनच पाणी शोधत होती.

त्याच वर्षाच्या, म्हणजे १८९६ च्या, अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या. रमाबाईंच्या जुन्या जखमा उघडल्या. हातात पैसा नव्हता, आणि असोसिएशनचा निधी दुष्काळपीडितांसाठी नव्हता. तरी त्या निघाल्या. उपासमारीनं सांगाडा झालेली मुलं, अन्नाच्या आमिषानं मुलींना पळवून नेणारी माणसं, हे सगळं त्यांनी पाहिलं आणि पाहिलेलं लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे कडक नियम लागले होते. एवढ्या नव्या माणसांना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या मोकळ्या रानात तंबू आणि छपरं उभी राहिली. लोणावळ्याची मागणी पुढच्या शिबिरापर्यंत पुरी झाली, अशी साक्ष रमाबाईंनी लिहून ठेवली आहे. ती कोणत्या वाटेनं पुरी झाली तेही पाहायला हवं. त्या मुली आपण होऊन दारात आल्या नाहीत. रमाबाईंना दुष्काळात जावं लागलं, केस कापून उवा काढाव्या लागल्या, जखमा धुवाव्या लागल्या, आणि ज्या मुली वाचल्या नाहीत त्यांना पुरावं लागलं.

याच १८९७ सालात त्यांचं एक पत्र ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये छापून आलं. सरकारी प्लेग व्यवस्थेत नेलेल्या आपल्या एका मुलीचा ठावठिकाणा लागत नाही आणि तिथं बायकांची अब्रू सुरक्षित नाही, असा जाहीर आरोप त्यांनी केला. प्रकरण इंग्लंडपर्यंत गाजलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. पहाटे देवापुढे जी भीड बाळगत नाही ती दुपारी गव्हर्नरापुढे कशाला बाळगेल? त्यांच्या प्रार्थनेबद्दल भक्तिभावानं लिहिणारे पुष्कळदा हे पत्र विसरतात. मला ते त्या प्रार्थनेचाच भाग वाटतं.

१८९८ पासून केडगावच्या वसाहतीला ‘मुक्ती’ हे नाव मिळालं. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुतान्याकडच्या मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात पोचली. रोज दोन हजार माणसांचं जेवण, आणि ठरलेलं उत्पन्न कुठूनही नाही. शेती, गोठा, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना, प्रत्येकीच्या हाताला काम होतं. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं. अंध मुलींच्या विभागाला नाव दिलं बार्तिमी सदन. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल शिकून घेतलं होतं, ते त्या इथं शिकवू लागल्या. यरीहोच्या त्या भिकाऱ्याचं नाव दौंड तालुक्यातल्या एका घराला मिळालं. डोळे परत मिळाले नाहीत तरी बोटांनी वाचता येतं, हे बार्तिमी सदनातल्या मुलींनी दाखवलं. प्रार्थनेचं उत्तर मागितल्या रूपातच यायला हवं असा हट्ट धरणाऱ्यांनी या मुलींकडे पाहावं.

१८९८ साली इंग्लंडमधल्या केझिक परिषदेत रमाबाईंना बोलायला थोडाच वेळ मिळाला. तेवढ्यात त्यांनी पुन्हा आकडा घातला: हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांमधून एक लाख पुरुष आणि एक लाख स्त्रिया शुभवर्तमान सांगायला उठाव्यात, यासाठी प्रार्थना करा. ही मागणी त्यांच्या हयातीत पुरी झालेली दिसत नाही. त्यांनी ती मागे घेतल्याचंही दिसत नाही.

मग १९०५ आलं. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या केडगावला पोचल्या होत्या. त्याआधी मनोरमाबाई आणि मिशनरी मिनी अब्राम्स ऑस्ट्रेलियातल्या प्रार्थना मंडळांना भेटून आल्या होत्या. जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारलं, जागृतीसाठी रोज एकत्र येऊन कोण प्रार्थना करेल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमू लागल्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपण अग्नीनं वेढलो आहोत असा अनुभव आला; शेजारची मुलगी पाणी आणायला धावली, आणि मग तिच्या लक्षात आलं की जळत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना मुली मोठ्यानं रडू, प्रार्थना करू लागल्या. त्यांना पाठ थांबवावा लागला.

या जागृतीवर टीका झाली. आरडाओरडा आहे, भावनांचा पूर आहे, हा सगळा उन्माद आहे, असं ख्रिस्ती लोकांनीच म्हटलं. रमाबाईंनी उत्तर दिलं ते असं की मुली आपल्या लोकांसारख्या रडतात. इंग्रजी शिस्तीत रडायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि शिकवायचं कारणही नाही. पुढे अन्य भाषांत बोलण्याचा अनुभव आला, तेव्हाही तो प्रत्येकाला आलाच पाहिजे असा आग्रह मुक्तीत धरला गेला नाही. पाहण्याची गोष्ट होती ती मुलींचं वागणं. चोरलेलं परत केलं जाऊ लागलं, भांडणं मिटली, मुलींचे जथे गावोगावी जाऊ लागले, आणि माणसांच्या नावांच्या याद्या करून एकेकासाठी नावानिशी मध्यस्थी होऊ लागली. मिनी अब्राम्स यांनी या जागृतीवर १९०६ साली एक पुस्तिका लिहिली आणि चिलीमधल्या वाल्पराइसोला आपली जुनी सहाध्यायी मे लुईस हूवर हिला पाठवली. हूवर दांपत्याच्या मंडळीत १९०९ साली जी जागृती झाली तिच्यातून चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. दक्षिण अमेरिकेतल्या लाखो विश्वासणाऱ्यांच्या इतिहासाचं एक टोक असं पुणे जिल्ह्यात आहे.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. धैर्यानं मागा, आकडा मागा, डोळ्यांपुढे चित्र आणा, हे सारं आज व्यासपीठांवरून फार ऐकू येतं. गाडीचा रंग सांगून गाडी मागा, बंगल्याचा फोटो बायबलमध्ये ठेवा, विश्वास कमी पडला म्हणून आजार हटत नाही. हे ऐकून औषध बंद करणारी माणसं आणि कर्ज काढून दान देणारी घरं आपल्याच मंडळ्यांत आहेत. याला मी धैर्य म्हणायला तयार नाही. म्यूलर यांनी अनाथांसाठी मागितलं आणि मृत्यूच्या वेळी स्वतःजवळ जवळपास काही ठेवलं नव्हतं. रमाबाईंनी मागितलेल्या दोनशे पंचवीसमध्ये त्यांचा वैयक्तिक लाभ शोधून सापडणार नाही. शिवाय शास्त्रातली सर्वांत धीट प्रार्थना गेथशेमाने बागेतली आहे. येशूनं हा प्याला टळू दे, असं स्पष्ट मागितलं, आणि निर्णय पित्यावर सोपवला. प्याला टळला नाही. पौलानं आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, तो सोसण्यापुरती कृपा मिळाली. नकार ऐकूनही मागणारा उठून निघून गेला नाही, यात मला खरं धैर्य दिसतं.

म्यूलर म्हातारपणी प्रवचनांसाठी जगभर फिरत असताना हिंदुस्थानातही आले होते. १८९० च्या जानेवारीत जबलपूरला त्यांना तार मिळाली. एकुलती एक मुलगी लिडिया ब्रिस्टलमध्ये वारली होती. रमाबाईंवर तोच प्रसंग १९२१ च्या जुलैत आला. मुक्तीचं काम जिच्या हाती सोपवायचं ती चाळीस वर्षांची मनोरमा आईच्या आधी गेली. प्रार्थनेच्या इतक्या उत्तरांची नोंद ठेवणाऱ्या या दोघांच्याही वहीत हे एक पान आहे, आणि त्यांच्याविषयी बोलताना ते उलटून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल.

त्या वेळी रमाबाईंच्या हातात एक काम अपुरं होतं. उपलब्ध मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, हे त्यांना बरीच वर्षं खटकत होतं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ साध्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या मुक्तीच्याच स्त्रिया. मनोरमेच्या जाण्यानंतर प्रकृती ढासळली तरी मुद्रितं तपासणं सुरू राहिलं. काम पुरं करण्यापुरते दिवस त्यांनी देवाकडे मागितले, असं मुक्तीच्या परंपरेत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ साली ते बायबल छापून बाहेर पडलं.

मुक्ती मिशन आजही केडगावला आहे. निराधार स्त्रिया आणि मुलं आजही तिथं राहतात. पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशनला उतरून तिथं जाता येतं. ज्यांना जमेल त्यांनी एकदा जरूर जावं. आणि पुढच्या प्रार्थनासभेत ‘सगळ्यांचं भलं कर’ असं म्हणण्याआधी एक नाव, एक गरज, शक्य असेल तर एक आकडा कागदावर लिहून खाली तारीख घालावी, एवढी माझी वाचकांना विनंती आहे.